वाचकांचे प्रश्न : जुनी स्पोर्ट्स कार केव्हा तापते?

उन्हाळा तोंडावर आल्यामुळे या महिन्याच्या टपालात गाडी तापण्याविषयीचीच पत्रे अधिक आहेत, आणि त्यांतील बहुतेक जुन्या दोन आसनी गाड्या हौसेने सांभाळणाऱ्या कोल्हापूरकरांची आहेत. त्यांतून पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पुढे पत्र लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘गाडी तापते’ एवढ्याच वाक्यावरून कोणालाही निदान करता येत नाही. गाडी उभी असताना तापते, की चढावर, की बंद केल्यानंतर काटा वर जातो, हे कळवले तर अर्धे काम झालेले असते.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी आहे. शहरात ती अजिबात तापत नाही. परंतु कोकणातून परतताना करूळ घाट चढू लागलो की अर्ध्या घाटातच काटा लाल रेषेकडे सरकतो आणि गगनबावड्याला थांबेपर्यंत रेडिएटरच्या झाकणातून वाफ येऊ लागते. एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला. आता शहरात काटा मध्यापर्यंतही पोहोचत नाही, पण घाटातला त्रास तसाच आहे. विजेवर चालणारा जादा पंखा आणि मोठा रेडिएटर बसवावा काय? (एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : आपण गाडी केव्हा तापते हे नेमके लिहिले आहे, म्हणून पहिली गोष्ट खात्रीने सांगता येते की जादा पंखा बसवून आपला प्रश्न सुटणार नाही. पंखा कमी पडत असता तर गाडी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभी असताना तापली असती. शहरात इंजिनावर भार थोडा असतो, त्यामुळे निम्मा बुजलेला रेडिएटरही तेवढी उष्णता बाहेर टाकू शकतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की उष्णता कित्येक पटींनी वाढते आणि मग रेडिएटरची खरी ताकद उघडी पडते. अशा गाडीत आधी पाण्याचा मार्ग तपासायचा असतो, आणि रेडिएटरबरोबर इंजिनाच्या ब्लॉकमधला मार्गही त्यात आला.

थर्मोस्टॅट आधी परत बसवून घ्यावा. तो काढला की गाडी थंड राहते ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या इंजिनाला ८२ अंशांचा थर्मोस्टॅट योग्य आहे. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि नंतर उघडून मोकळा होतो. पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट घाटातल्या गरम इंजिनात गाडी तापण्याचे कारण होत नाही. उलट त्याच्या किंचित अडथळ्यामुळे पंपाचा दाब ब्लॉकमध्ये टिकून राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, जिथे लोखंड सर्वांत तापलेले असते, तिथे वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. थर्मोस्टॅट नसला तर शहरातल्या छोट्या फेऱ्यांत इंजिन कायम अर्धवट थंड राहते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते आणि रिंगा व सिलिंडर लवकर झिजतात. आपला काटा मध्यापर्यंत पोहोचत नाही ही समाधानाची खूण नव्हे. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो दोऱ्याने बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडावा, शेजारी तापमापी धरावी आणि पाणी तापवत न्यावे. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. तो पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नये, नाहीतर बुडाच्या धगीने लवकर उघडून दिशाभूल करतो.

आता रेडिएटर. गाडी चांगली तापवून इंजिन चालू ठेवावे आणि हातात धरायच्या इन्फ्रारेड तापमापीने वरच्या व खालच्या होज पाइपचे तापमान घ्यावे. मापन रबरावरच करावे; पितळेच्या चकचकीत टाकीवर ही तापमापी खोटा, कमी आकडा दाखवते, म्हणून तिथे मापायचेच झाल्यास काळी टेप चिकटवून मापावे. वरचा पाइप अतिशय गरम आणि खालचा बराच थंड असेल तर पाणी हळू फिरत आहे, म्हणजे मार्ग बुजला आहे किंवा पंप कमजोर आहे. दोन्ही जवळपास सारखेच गरम असतील तर पाणी फिरते आहे, पण वारा त्याची उष्णता नेत नाही. त्यानंतर इंजिन बंद करून तीच तापमापी जाळीवरून फिरवावी. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर त्या नळ्या बुजलेल्या आहेत. असा रेडिएटर उतरवून, दोन्ही टाक्या सोडवून नळ्यांमधून सळई फिरवून घ्यावी, ज्याला कारागीर रॉडिंग म्हणतात, आणि टाक्या पुन्हा डाख लावून बसवाव्यात. नळ्या फारच पातळ झाल्या असतील तर जुन्याच टाक्यांना नवी कोअर, म्हणजे नळ्या आणि जाळीचा मधला भाग, लावून घ्यावी. मोठ्या रेडिएटरची गरज नाही. कारखान्यातून आलेला रेडिएटर साफ असेल तर त्याला करूळ घाट जड जाऊ नये.

जाळीच्या बाहेरच्या बाजूकडेही लक्ष द्यावे. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवली की पाचटाचे तुकडे आणि धूळ जाळीत रुतून बसतात. समोरून दिसणारा कचरा काढला तरी आत खोल गेलेला तसाच राहतो. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, पाण्याचा दाब कमी ठेवून आणि मऊ ब्रशने काढावा. गाड्या धुण्याच्या पंपाचा जोराचा फवारा मारला तर पातळ पाती आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

रेडिएटर साफ निघाला तर ब्लॉक पाहावा, आणि इथे माझा अनुभव सांगतो. उद्यमनगरात काम करत असताना अशाच जातीचे, संपूर्ण बिडाचे एक इंजिन माझ्याकडे आले होते. नवा रेडिएटर, नवा पंप, सर्व काही करून झाले होते. ब्लॉकच्या बाजूला असलेला पाणी सोडण्याचा छोटा नळ मी उघडला, तर थेंबही आला नाही. नळ पूर्ण काढून छिद्रात तार घातली तेव्हा तारेच्या टोकाला ओल्या जांभ्यासारखा लालसर, घट्ट चिखल लागला. तार बराच वेळ फिरवत राहिल्यावर आधी पाझर, मग दाट तांबडे पाणी आणि शेवटी बोटाच्या चिमटीत कचकचणारी बारीक वाळू बाहेर आली. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना ती वाळू कसली हे सांगावे लागणार नाही. कास्टिंगच्या वेळी पोकळीसाठी वापरलेल्या कोअरची ती वाळू पन्नास वर्षे गंजाबरोबर मागच्या सिलिंडरच्या तळाशी साचत गेली होती. त्या थराच्या मागचे लोखंड पाण्याला कधी भेटतच नव्हते. आपलाही नळ उघडून पाहा. पाणी येत नसेल तर तार फिरवून, थर्मोस्टॅट काढलेल्या अवस्थेत, पाण्याच्या नळीने ब्लॉक उलट्या दिशेने धुऊन काढावा आणि येणारे पाणी पूर्ण स्वच्छ होईपर्यंत थांबू नये. धुताना रेडिएटर जोडलेला ठेवू नये, नाहीतर ब्लॉकमधला सगळा चिखल त्याच्या नळ्यांत जाऊन बसेल.

तीन गोष्टी थोडक्यात. खालच्या होज पाइपच्या आत आकार टिकवण्यासाठी स्प्रिंग असते का ते पाहावे, कारण ती गंजून गेली असेल तर वेग वाढवताच पंपाच्या ओढीने पाइप चपटा होतो आणि नेमका चढावरच पाण्याचा मार्ग बंद होतो. गाडी गरम असताना बॉनेट उघडून दुसऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितले की हे डोळ्यांनी दिसते. दुसरी गोष्ट इग्निशनच्या टायमिंगची. ठिणगी उशिरा पडत असेल, किंवा डिस्ट्रिब्युटरमधली, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागातली, वजने अडकून टायमिंग पुढे सरकत नसेल, तर ज्वलन लांबते, ताकद कमी मिळते आणि उष्णता हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, व एक्झॉस्टमध्ये अधिक शिरते. टायमिंग लाइट लावल्याखेरीज हे कळत नाही, आणि मी पाहिलेल्या चढावर तापणाऱ्या जुन्या गाड्यांत याचा वाटा मोठा होता. तिसरी गोष्ट म्हणजे कार्ब्युरेटर. हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ असेल, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडत असेल, तरी परिणाम तोच होतो.

घाटात पुन्हा अशी वेळ आली तर झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे पाणी झाकण सुटताच उसळून वाफ होते आणि चेहरा व हात भाजतात. हीटर असल्यास तो पूर्ण सुरू करावा, कारण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. काटा तरीही चढत राहिला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान पाऊण तास थांबावे. तापलेल्या बिडाच्या हेडवर थंड पाणी ओतल्यास हेडला चीर जाते. पाणी घालायचे ते इंजिन निवाल्यावर आणि थोडे थोडे.

प्रश्न : गाडीखाली एक थेंबही सांडलेला दिसत नाही, तरी रेडिएटरमधले पाणी कमी होते. मी दर रविवारी काठोकाठ भरतो आणि पुढच्या रविवारी पातळी दोन बोटे खाली असते. हेड उतरवावे लागेल असे मेकॅनिक म्हणतो. (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : हेडला हात लावण्याआधी एक महिनाभर पाणी काठोकाठ भरणे बंद करून पाहावे. आपल्या गाडीला वेगळी एक्सपान्शन टाकी नाही असे पत्रातील वर्णनावरून दिसते. अशा गाडीत पाणी तापून प्रसरण पावले की जादा पाणी झाकणाखालच्या बारीक नळीतून रस्त्यावर पडते, आणि ते चालत्या गाडीतून पडत असल्याने घरासमोर डाग दिसत नाही. गाडी आपल्याला हवी ती पातळी स्वतःच ठरवते. दोन बोटे खाली जाऊन पातळी तिथेच थांबली तर गळती नाही, हे पक्के समजावे.

त्याहून खाली जातच राहिली तर आधी झाकण बदलावे. झाकणाचे काम भोक बुजवण्यापुरते नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी इथे सुमारे ९८ अंशांना उकळते. १० पौंड दाबाचे चांगले झाकण हीच मर्यादा ११० अंशांच्या पलीकडे नेते. रबराची चकती कडक झाली किंवा स्प्रिंग मेली की ही सर्व राखीव मर्यादा हातची जाते आणि पाणी वाफ होऊन निघून जाते. हँडबुकात दिलेल्या दाबाचेच झाकण घ्यावे. अधिक दाबाचे झाकण लावल्यास जुन्या डाखांवर आणि पाइपांवर ताण येतो.

झाकण बदलूनही पाणी घटत असेल तर थंड इंजिनावर हातपंपाने दाब देऊन अर्धा तास ठेवावे आणि वॉटर पंपाखालचे छिद्र, होजच्या क्लिपा, हीटरच्या खालचा गालिचा तपासावा. हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीचा, संशय घ्यायचा तर खुणा स्पष्ट असतात: सकाळी थंड इंजिन सुरू करताच होज पाइप लगेच दगडासारखा टणक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, एखादाच प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघणे, गाडी पूर्ण गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचे निळे रसायन मिळते; ज्वलनाचा वायू पाण्यात मिसळत असेल तर ते पिवळे होते. ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि ती केल्याशिवाय हेड उतरवण्यास संमती देऊ नये.

प्रश्न : कोल्हापुरात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशासाठी? आमच्या बोअरचे पाणी गोड आहे. (एक वाचक, गांधीनगर)

उत्तर : जिभेला गोड लागणारे पाणी इंजिनाला चालतेच असे नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार तापल्यावर भिंतींवर पांढरा थर धरतात, तसाच जसा पाणी तापवण्याच्या कॉइलवर आपण रोज पाहतो, आणि तो थर उष्णतेला अडवतो. शिवाय बीड, पितळ, तांबे, अ‍ॅल्युमिनियम हे सर्व धातू एकाच पाण्यात बुडालेले असताना गंज आणि झीज वेगाने होते. ती रोखणारी द्रव्ये कूलंटमध्ये असतात, आणि आपल्या हवामानात कूलंट घालायचे ते मुख्यतः त्यांच्यासाठी. गोठण्याची भीती नसल्याने निम्मे निम्मे मिश्रण करण्याची गरज नाही. ग्लायकॉलपेक्षा निव्वळ पाणी उष्णता अधिक चांगली वाहून नेते, म्हणून मी जुन्या गाड्यांत तीसेक टक्के कूलंट आणि बाकी बॅटरीसाठी मिळते तसे डिस्टिल्ड पाणी वापरतो. डब्यावर लिहिलेल्या किमान प्रमाणापेक्षा मात्र खाली जाऊ नये.

पितळी-तांब्याचा, डाख लावलेला रेडिएटर असेल तर जुन्या पद्धतीचे, सिलिकेटयुक्त कूलंट घ्यावे आणि दर दोन वर्षांनी बदलावे. नव्या गाड्यांसाठीचे दीर्घायुषी कूलंट जुन्या डाखांना आणि गॅस्केटांना मानवतेच असे नाही. रंगावर विसंबू नये, रंग कंपनीगणिक बदलतो. डब्यावरची माहिती वाचावी, आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. काढलेले कूलंट कृपया गटारात सोडू नका, ते शेवटी पंचगंगेतच जाते. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. उघड्या परातीत राहिलेले थोडेसे कूलंट चाटूनही कुत्री-मांजरे दगावतात. लहान मुलांच्या हाती तर ते लागताच कामा नये.

प्रश्न : माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. महामार्गावर उत्तम चालते. कावळा नाक्याच्या गर्दीत पाच मिनिटे थांबली की काटा चढतो. पंखा कधी फिरतो, कधी फिरत नाही. मोटार नुकतीच दुरुस्त करून घेतली आहे. (एक वाचक, उजळाईवाडी)

उत्तर : आपली गाडी तारांबाबत इतरांपेक्षा वेगळी आहे. तिची बॉडी फायबरची आहे, आणि फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत अर्थची तार कुठल्याही बोल्टला लावली तरी भागते. आपल्या गाडीत प्रत्येक अर्थ तारेनेच चासीपर्यंत आणि बॅटरीपर्यंत जावा लागतो. वीसेक वर्षांत त्या तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढतो आणि पंखा मनात येईल तेव्हा फिरतो. म्हणून पंखा चालू असताना त्याची काळी तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्टमीटर धरावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाखवले तर अर्थ खराब आहे. नवी, जाड तार थेट टाकून घ्यावी.

अर्थ चांगला निघाला तर पंख्याला बॅटरीतून थेट वीज द्यावी. त्याने तो फिरला तर मोटार ठीक आहे. मग तापमानाच्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून इग्निशन सुरू करावे. आता पंखा फिरला तर स्विच निकामी आहे. न फिरल्यास रिले, फ्यूज आणि त्यांची सॉकेट पाहावीत. पंख्याजवळ हात नेताना बॅटरी सोडवून ठेवावी, कारण तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. मोटार नुकतीच दुरुस्त झाली आहे म्हणून आणखी एक तपासणी सांगतो. जोडताना तारा उलटसुलट झाल्या तर पंखा उलट फिरतो आणि वाऱ्याच्या विरुद्ध वारा ढकलतो. रेडिएटरच्या समोर वर्तमानपत्राचा कागद धरावा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे.

पाणी बदलले असल्यास आत हवा अडकली नाही ना हेही पाहावे. गाडीचे नाक उंच करून, हीटरचा नळ उघडा ठेवून, हवा सोडण्याचा ब्लीड स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत भरत राहावे.

प्रश्न : दसऱ्याला दसरा चौकात जुन्या मेबॅकमधून छत्रपती घराण्याचे आगमन होते, तेव्हापासून मलाही माझी एमजी मिजेट मिरवणुकीत न्यावीशी वाटते, पण गर्दीत मुंगीच्या पावलांनी चालवताना ती तापते, आणि बंद केल्यावर काटा आणखी वर जातो. (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : बंद केल्यावर काटा थोडा वर जाणे नैसर्गिक आहे. पंप आणि पंखा थांबतात, पण लोखंडात साठलेली उष्णता पाण्यात उतरतच राहते. थांबल्यावर दोन मिनिटे इंजिन चालू ठेवून मग बंद करावे.

मुंगीच्या पावलांचा प्रश्न मात्र पंख्याचा आहे. आपला पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे इंजिन मंद तर पंखाही मंद. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर त्याच्या सर्वांत लांब भागात अर्ध्या इंचाहून अधिक दबू नये. रेडिएटर आणि बॉडी यांच्यामधल्या फटी रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात, म्हणजे इंजिनाकडची गरम हवा वळसा घेऊन पुन्हा पुढे येणार नाही. या पट्ट्या बहुतेक गाड्यांतून केव्हाच गळून गेलेल्या असतात. हेड आणि वॉटर पंप यांच्यामधला बोटभर लांबीचा बायपास पाइप पट्ट्याच्या मागे दडलेला असतो. तो फुगलेला किंवा चिरलेला असेल तर मिरवणुकीच्या आधीच बदलावा, कारण गर्दीत तो फुटला तर तिथे उभ्या उभ्या बदलता येत नाही. एवढे करूनही गर्दीत काटा चढू लागला तर गिअर न्यूट्रलमध्ये टाकून इंजिनाचा वेग दीड हजारांपर्यंत वाढवून धरावा. मिनिटभरात काटा खाली येताना दिसेल.